फटफटीच्या डब्यातली सासू

देवळाली कॅम्पाच्या पलीकडच्या माळावर गोऱ्या शिपायांच्या मोटरसायकलींची रानशर्यत भरायची, त्या दिवसांतली ही गोष्ट. रस्ता नाही, सडक नाही. नाले, ढेकळं, निवडुंग आणि टेकाडं यांतून गाडी हाणायची आणि सहा फेऱ्या मारून जिवंत परत यायचं, एवढाच काय तो नियम. त्यात एक शर्यत साइडकारवाल्यांची असे. फटफटीला डाव्या बाजूनं एक डबा जोडलेला, चालवणारा एक आणि डब्यात बसणारा एक. १९३५, ३६ आणि ३७ अशी लागोपाठ तीन वर्षं ही शर्यत एकाच जोडीनं मारली. चालवणारा चिमाजी नावाचा मखमलाबादचा माळी होता. आणि डब्यात त्याची सासू होती.

हो, सासूच. नाव अंबूबाई. वय पंचेचाळीस, अंगानं चांगली भारदस्त, आवाज शेताच्या या बांधावरून त्या बांधावर सहज पोचणारा. आता कुणी म्हणेल, नुसतं डब्यात बसायचं तर त्यात मर्दुमकी कसली? बसायला काय, पोतंही बसतं. असं म्हणणाऱ्यानं एकदा बसून पाहावं. गाडी डावीकडं वळली की डब्याचं चाक हवेत उठतं, तेव्हा डब्यातल्यानं बाहेर, पार जमिनीला केस लागतील इतकं लटकायचं. उजवीकडं वळली की झटक्यात उलटं फिरून चालवणाऱ्याच्या पाठीमागं झुकायचं. अर्ध्या क्षणाचा उशीर झाला की दोघंही निवडुंगात. चालवणारा नुसता दांडी धरतो, गाडी सरळ ठेवतो तो डब्यातला.

अंबूबाई हे शिकली ती फुलांमुळं. नवरा ती बावीस वर्षांची असताना प्लेगात गेला, तेव्हापासून शेवंती, झेंडू आणि निशिगंधाचा मळा तिनं एकटीनं सांभाळला होता. रोज उजाडता डोक्यावर पाटी घेऊन नाशकाच्या फुलबाजारात चालत जायचं आणि ऊन चढायच्या आत परत यायचं. पोर एकच, नवसाबाई. मुलगा नाही म्हणून निफाडकडचा चिमाजी घरजावई म्हणून आणला. पोरगा कामसू, शांत, खाली मान घालून वावरणारा. सगळं बेस होतं. अडचण एकच होती आणि ती अंबूबाईच्या माहेरची होती.

तिच्या माहेरचा रिवाज असा, की सासूनं जावयाशी सरळ बोलायचं नाही. मखमलाबादच्या बाकीच्या सासवा जावयांशी तासतासभर गप्पा हाणायच्या, त्यांची उणीदुणी तोंडावर काढायच्या. पण अंबूबाईच्या आईनं आपल्या जावयाशी कधी एक शब्द सरळ काढला नव्हता. म्हातारीनं प्राण सोडतानासुद्धा “जावईबापूंना म्हणावं, येते” असं भिंतीकडं बघून सांगितलं होतं, आणि जावई तिच्या उशाशी बसलेला होता. आता घरजावई आणल्यावर हा रिवाज पाळायचा म्हणजे एका चुलीपुढं बसून दोन माणसांनी मुकं राहायचं. मग मधे नवसा.

“नवसे, जावईबापूंना म्हणावं, भाकर गार होती.”

“नवसे, मामींना सांग, आलोच.”

दोघांत अंतर दोन हात. नवसा बिचारी दिवसभर इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं करून टेकीला यायची.

चिमाजी सकाळी मळ्यात राबायचा आणि दुपारी देवळाली कॅम्पात इनायत मिस्त्रीच्या दुकानात मोटारी दुरुस्त करायला जायचा. इनायतच्या अंगणात पहिल्या लढाईतली एक फटफटी डब्यासकट गंजत पडली होती. चिमाजी आठ महिने रिकाम्या वेळात तिच्याशी झटला. शेवटी एकदा तिनं धूर सोडला तेव्हा इनायत म्हणाला, “घेऊन जा बाबा. नाहीतरी माझ्या कोंबड्या तिच्यात अंडी घालतात, दुसरा काय उपयोग?”

अशी ती फटफटी मखमलाबादला आली. ठरलं असं, की डब्यात फुलांच्या पाट्या ठेवायच्या आणि चिमाजीनं त्या बाजारात पोचवायच्या. पण फुलं पडली हलकी. पाट्या धरायला माणूस हवं. नवसाला दिवस गेलेले, फटफटीच्या नुसत्या वासानं तिला उमळून यायचं. तेव्हा एका सकाळी अंबूबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पदर खोचला आणि देवाचं नाव घेऊन ती पाट्यांच्या मधे जाऊन बसली.

गाडी सुटली. नवसा धुरळ्यात मागं राहिली. आणि गावाबाहेरच्या पहिल्याच डाव्या वळणाला डब्याचं चाक उचललं गेलं. शेवंतीची पाटी घसरायला लागली. अंबूबाईनं काही विचार केला नाही. फुलं वाचवायला म्हणून ती सगळ्या अंगानिशी डाव्या बाजूला बाहेर झेपावली. चाक धप्पकन खाली आलं. गाडी सरळ झाली. एक फूल सांडलं नाही.

आता चिमाजीला हळू चालव म्हणायचं, तर सांगणार कुणाकडून? नवसा घरी. अंबूबाईनं इकडंतिकडं पाहिलं आणि जे समोर होतं त्यालाच बोलली.

“अगं ए फटफटे! वळताना जरा दमानं, मेले!”

चिमाजीनं मुकाट्यानं गाडी हळू केली.

आणि मग एक गंमत झाली. नदीकाठचा सरळ रस्ता लागला, कानात वारा भरला, पदर सुटून मागं फडफडायला लागला आणि अंबूबाईच्या पोटात गुदगुल्या झाल्या. तेवीस वर्षं हा रस्ता तिनं मान ताठ धरून, पायाखालचे खडे मोजत तुडवला होता. आज तोच रस्ता मागं पळत होता. तिला हसू आलं. ते दाबायला तिनं तोंडात पदराचा बोळा धरला. तिला वाटलं, अजून जोरात जावं. पार जोरात. पण पंचेचाळीस वर्षांच्या विधवा बाईनं जावयाची गाडी जोरात हाकायला सांगायचं? जनाची नाही तरी मनाची? म्हणून ती ओरडली, “अगं, लवकर पोचव गं बाई! सुटू दे मला एकदाची!”

चिमाजीनं गाडी हाणली. अंबूबाईला स्वर्ग दोन बोटं उरला.

फुलबाजारात शेजारी बसणाऱ्या कुसाबाईनं डोळे वटारून विचारलं, “काय गं, आज कशात बसून आलीस?”

“नको विचारूस बाई. मरता मरता वाचले,” अंबूबाई म्हणाली आणि मोठा सुस्कारा टाकला. हेच ती घरी नवसाला म्हणाली, हेच पाणवठ्यावर बायकांना म्हणाली. मौज वाटली असं सांगायची सोयच नव्हती. पण त्या रात्री आडवी झाली तेव्हा तिच्या मनात एकच धाक बसला होता: हा डबा आता कुणी आपल्याकडून काढून घेऊ नये. नवसा बाळंत होऊन मोकळी झाली की ती बसेल. नाहीतर गडी ठेवतील. नाहीतर भावकीतलं कुणीतरी नाक मुरडेल. पुढची चार वर्षं अंबूबाई याच धाकात जगली आणि ताकास तूर लागू दिली नाही.

डावी वळणं तिला आठवड्यात जमली. पंचाईत उजव्यांची होती. उजवीकडं वळताना चालवणाऱ्याच्या पाठीवर झुकायला हवं, आणि ती पाठ तर जावयाची! ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्या पाठीवर रेलायचं म्हणजे काय? पहिले काही दिवस ती झुकलीच नाही आणि दोनदा दोघंही शेणाच्या उकिरड्यात गेली. मग तिनं तोड काढली. एक रिकामी पाटी घ्यायची, वळण आलं की चिमाजीच्या पाठीला लावायची आणि पाटीवर रेलायचं. मधे पाटी असली म्हणजे आडोसा झाला. रिवाज राहिला आणि गाडीही राहिली. फक्त चिमाजीच्या सदऱ्यावर कायम वेताचे वळ उमटलेले असत.

कॅम्पातल्या गोऱ्या अंमलदारांच्या खाणावळीत आठवड्यातून दोनदा फुलं जायची. पस्तीस सालच्या पावसाळ्यात एक कप्तान वालदेवी नदीकडच्या उतारावर आपल्या साइडकारसकट गुडघाभर चिखलात रुतून बसला होता. तेवढ्यात मागून फटफट करत ही वरात आली. अंबूबाई डावीकडं इतकी लटकलेली की तिच्या अंबाड्याला चिखल लागत होता, तोंडानं “मेले, बुडशील, मेले, सावर” चालू, आणि डब्यात झेंडूच्या चार पाट्या. गाडी साहेबाला वळसा घालून, ओढा ओलांडून, पलीकडं चढून गेलीसुद्धा. साहेब तोंडात बोट घालून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं इनायत मिस्त्रीला गाठलं. आणि तिसऱ्या दिवशी इनायत मखमलाबादच्या ओट्यावर चहा पीत, या दोघांनी साइडकारच्या शर्यतीत उतरावं असा साहेबाचा निरोप सांगत बसला होता.

“मी नाय बाई,” अंबूबाई कानावर हात ठेवून म्हणाली. “लोकं काय म्हणतील?” आतून तिचं काळीज असं उड्या मारत होतं की शेजारणीला ऐकू जाईल.

इनायत म्हणाला, “अंबूबाई, गाडी अर्धी चिमाजीची, अर्धी तुमची. अर्धी गाडी घेऊन पोरगा पळणार कसा?”

चिमाजी दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “नवसे, मामींना नको असंल तर म्हणावं राहू द्या.”

अंबूबाईची पाचावर धारण बसली. “म्हणावं,” ती घाईनं म्हणाली, “तसं नाय. घराच्या नावासाठी बसंन मी. काय जीव जायचा तो जाऊ दे.”

चिमाजीनं मान खाली घातली. त्याला फार वाईट वाटलं. ते का, हे कळायला पुढं तीन वर्षं लागली.

शर्यतीला अख्खं मखमलाबाद बैलगाड्या जुंपून लोटलं. नाताळ आठवड्यावर आलेला, थंडी मी म्हणत होती. नऊ गाड्या ओळीनं उभ्या राहिल्या. आठ गाड्यांत कातड्याच्या टोप्या घातलेले गोरे सोजीर, नवव्या गाडीत पदर खोचलेली अंबूबाई आणि तिच्या काखेत रिकामी पाटी. बँडवाले वाजवायचं थांबून बघायला लागले. निशाण पडलं आणि पुढचं कुणालाच धड सांगता येईना. धुरळा, धूर, आणि त्यातून येणारा एकच आवाज: “अगं मेले! डावीकडं! अगं खड्डा, फुटक्या डोळ्याचे! लवकर पोचव, सुटू दे एकदाची!” पहिल्या फेरीत ती पाचवी होती, तिसऱ्या फेरीत दुसरी. बाभळीच्या डाव्या वळणाला सोजीर जिथं तिघंतिघं एकमेकांच्या अंगावर गेले, तिथून अंबूबाई बाभळीच्या बुंध्याला हात लावून गेली. टेकाडाच्या उजव्या वळणाला पाटी कडाडली, पण टिकली. सहावी फेरी संपली तेव्हा मागचा गडी अजून ओढ्यात होता.

साहेबानं कप चिमाजीच्या हातात दिला. चिमाजीनं तो नवसाच्या हातात दिला. नवसानं तो आईच्या हातात दिला. अंबूबाईनं कप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, “जावईबापूंना म्हणावं, भांडं चांगलं हाय.” पुढं नवसा त्यात विरजण लावू लागली.

छत्तीस साली तर कहर झाला. शेवटच्या फेरीत डब्याचं चाकच निखळलं आणि टणाटण उड्या मारत ओढ्यात गेलं. अंबूबाईनं पाटी चिमाजीच्या पाठीला लावली, स्वतःला तिच्यावर झोकून दिलं आणि अर्धा मैल तो चाक नसलेला डबा हवेत अधांतरी धरून आणला. दोन चाकांवर शर्यत जिंकली. कॅम्पातले इंजिनियर नंतर कागदावर रेघा मारत बसले आणि हे शक्य नाही असं त्यांनी ठरवलं. सदतीस साली वाटेत शेळ्यांचा कळप आला. बाकीच्या गाड्या थांबल्या, अंबूबाईनं फक्त आवाज दिला आणि कळप दुभंगला. शेळ्यांच्या धन्याला त्या गोळा करायला दुसरा दिवस उजाडला म्हणतात. एव्हाना दोराच्या पलीकडं उभे राहणारे सोजीरसुद्धा हात उंचावून “मेले! मेले!” ओरडायला शिकले होते. त्यांना वाटायचं हा शाबासकीचा शब्द आहे.

आणि घरी आलं की तोच सुस्कारा. “काय सांगू नवसे, या खेपेला मेलेच होते.”

अडतीस साली दिवाळी उलटली आणि इनायत मिस्त्री आपल्या नेहमीच्या हसऱ्या तोंडानं एक बातमी घेऊन आला. फटफटी तेव्हा त्याच्याच दुकानात खोलून पडली होती. “अंबूबाई, आता करा आराम,” तो म्हणाला. “माझा फिटर आहे ना वाल्मीक, चिमाजीनं त्याला तयार केलाय. या शर्यतीला डब्यात तोच. नंतर फुलंही तोच पोचवंल.”

अंबूबाई निशिगंधाच्या जुड्या बांधत होती.

“बरं झालं गं आये,” नवसा आतून म्हणाली. “सुटलीस एकदाची. चार वर्सं तुझ्या जिवाला घोर.”

“हो ना,” अंबूबाई म्हणाली. “सुटले बाई.” आणि उठून गोठ्यात गेली. तिथं म्हशीच्या पाठीला तोंड लावून ती रडली. कप गेला, नाव गेलं, याचं तिला काही नव्हतं. वारं गेलं होतं. आता पुन्हा डोक्यावर पाटी आणि पायाखाली खडे. चिमाजीवर रागावावं तर त्याचा काय दोष? शर्यत जिंकायला तरणा, सडसडीत गडी बरा, हे तिलाही कळत होतं. तिनं काही मागितलंच नव्हतं, तर मिळणार कुठून?

तीन दिवस ती जेवली नाही म्हणायला हरकत नाही. चौथ्या दिवशी तिनं ठरवलं, सांगायचं. पण सांगायचं कसं? नवसाला निरोप द्यायचा? आपल्या पोटच्या पोरीला म्हणायचं, तुझ्या नवऱ्याच्या गाडीत मला बसायची हौस हाय? त्यापेक्षा विहीर बरी. फटफटीला सांगावं तर फटफटी कॅम्पात इनायतकडं. अंबूबाई मळ्यात गेली. चिमाजी मोट हाकत होता. बैल उताराला लागले की मोट वर येई, पाणी पाटात पडे, बैल मागं सरत. अंबूबाईनं बैलांकडं पाहिलं. चला, बैल तर बैल.

“अरे ढवळ्या,” ती म्हणाली, “तुला एक सांगायचं व्हतं.”

ढवळ्या उतारानं निघून गेला. अंबूबाई त्याच्यामागं धावली. ती पोचेतो तो मागं सरायला लागला. ती परत आली. “अरे, डब्याचं असं हाय,” तिनं सुरुवात केली, की निघाला पुन्हा ढवळ्या. अशा तिनं चार येरझाऱ्या घातल्या. चिमाजी मोटेच्या जाड दोरावर, नाड्यावर बसून, काही न समजून, सासूबाई बैलाला काय विचारतायत ते पाहत होता. पाचव्या खेपेला अंबूबाईचा दम संपला. मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी ती उभी राहिली, पदर सावरला आणि तिच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं ते तिनं केलं. तिनं जावयाकडं सरळ पाहिलं.

“जावईबापू,” ती म्हणाली. “डब्यात मी बसणार. वाल्मीक नाय. मी.”

चिमाजीच्या हातून कासरा सुटला. मोट धपकन विहिरीत गेली. त्यानं आधी मागं वळून पाहिलं, दुसरं कुणी जावईबापू उभं आहे का म्हणून.

“मामी,” तो चाचरत म्हणाला, “तुम्हाला तर लय भ्या वाटतं ना?”

“कुणाला?”

“तुम्हाला. चार वर्सं तुम्ही वरडताय, लवकर पोचव, सुटू दे एकदाची. मला वाटायचं मामींचा जीव चाललाय. शर्यतीच्या दिवशी मी सकाळी देवाला हात जोडायचो, आज तेवढ्या मामी सुखरूप घरी येऊ दे. घराच्या नावासाठी तुम्ही जीव टांगून बसता, याची मला लाज वाटायची. म्हणून वाल्मीकला लटकायला शिकवलं. तीनदा निवडुंगात पडला तो. तरी म्हटलं, शिकंल.”

“अहो, मग काय म्हणू मी?” अंबूबाई ओरडली. “सासूनं जावयाला जोरात हाण म्हणायचं का?”

“म्हणजे जोरात पाहिजे व्हतं?”

“जोरात म्हणजे? पार जोरात! पहिल्या दिवसापासून!”

चिमाजी नाड्यावरून खाली उतरला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो म्हणाला, “मामी, मी चार वर्सं हळू चालवतोय. तुमच्यासाठी.”

“काय?”

“मूठ निम्मी सुद्धा पिळलेली नाय. शर्यतीत पण.”

तीन वर्षं, तीन कप, आणि ते सगळे सासूबाईंच्या जिवाला जपत, बेताबेतानं मारलेले! आधी अंबूबाई हसायला लागली. मग चिमाजी. अंबूबाई थारोळ्याच्या कडेला बसून पोट धरून हसली, इतकी की ढवळ्या बुजला आणि घरातून नवसा पळत आली. आईला आणि नवऱ्याला समोरासमोर बोलताना पाहून तिला वाटलं, घरात कुणीतरी गेलं.

वाल्मीकला बातमी कळली तेव्हा त्यानं इनायतच्या दुकानातल्या सगळ्यांना पेढे वाटले. त्याच्या पाठीतले निवडुंगाचे काटे अजून निघायचे होते.

आणि मग ती अडतीस सालची शर्यत. ज्यांनी पाहिली ते म्हणतात, तिला शर्यत म्हणणंच चूक आहे. सुरुवातीच्या रेषेवर अंबूबाईनं काखेतली पाटी काढली, मागं उभ्या असलेल्या नवसाच्या अंगावर फेकली आणि म्हणाली, “धर. आज आडोसा नको.” निशाण पडलं. चिमाजीनं मूठ पिळली, ती पिळतच गेला. फटफटी आजवर कधी ओरडली नव्हती तशी ओरडली आणि अंबूबाईची मान मागं गेली ती पुढं यायलाच एक नाला लागला. “आई गं!” ती किंचाळली. चिमाजीनं चटकन मूठ सैल केली.

“काय झालं मामी?”

“काय नाय! मजा आली! हाणा!”

मग सगळं माळरान गरगर फिरायला लागलं. ओढा आला, त्यांनी तो ओलांडला नाही, त्यावरून उडी मारली. तीन हात उंच, डब्यासकट, हवेत! हवेत असताना अंबूबाईला खाली गोरे, काळे, बैलगाड्या, बँडवाल्याचं पितळी बिगूल, नवसाच्या कडेवरचं नातवंड, सगळं एकदम दिसलं आणि ती मोठ्यानं हसली. बाभळीच्या वळणाला ती अशी लटकली की बाभळीच्या शेंगा तिच्या अंबाड्यात अडकल्या. टेकाडाच्या उजव्या वळणाला तिनं दोन्ही हातांनी चिमाजीच्या खांद्यांना विळखा घातला आणि त्याच्या पाठीवर सगळा भार टाकला. “डावीकडं घ्या बापू! खड्डा! आता सोडा, सोडा!” “धरा मामी!” “धरलंय, तुम्ही हाणा!” चार वर्षांचं बोलणं साचलं होतं, ते दोघं सहा फेऱ्यांत बोलून काढत होते. मखमलाबादच्या म्हाताऱ्यांनी तोंडावर हात ठेवले. कधी एक शब्द न काढलेली अंबूबाई जावयाशी बोलते! सरळ बोलते! आणि वरून त्याच्या पाठीवर! पण हात तोंडावरून कधी निघाले आणि टाळ्या कधी वाजवायला लागले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

चौथ्या फेरीत त्यांनी शेवटच्या गाडीला अख्ख्या एका फेरीनं मागं टाकलं. पाचव्या फेरीत सगळ्यांना. सहावी फेरी संपत आली तेव्हा माळावर पुढं कुणीच नव्हतं. समोर चुन्याची शेवटची रेषा, तिच्यापलीकडं टेबलावर कप, कपामागं पांढऱ्या टोपीचा साहेब, आणि बँडवाले गाल फुगवून तयार. चिमाजीनं रेषा ओलांडली. त्यानं मूठ सैल केली. वारा कमी व्हायला लागला, कानातला आवाज बसायला लागला, पदर अंगावर पडायला लागला. अंबूबाईनं साहेबाकडं पाहिलं. कपाकडं पाहिलं. मग तिनं पुढं वाकून जावयाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आता तिच्या तोंडात बापू नव्हतं, अहोजाहो नव्हतं.

“चिमाजी,” ती म्हणाली, “थांबू नको रे.”

चिमाजीनं मान डोलावली, टेबलाला वळसा घातला आणि गाडी सातव्या फेरीला काढली.